माझे भासरे आणि मोबाइलवरची खबर

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, अक्षरही वाकडंतिकडं आहे, त्याची माफी असावी. पण एक गोष्ट मी खात्रीने लिहिते. मोबाइलवर आलेल्या खबरीवर माझ्या भासऱ्यांइतका अविश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. जन्मभर त्यांनी घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचले. दाराला कुलूप दिसलं की बाकीचे अंदाजे आकडा टाकून मोकळे होत, हे संध्याकाळी पुन्हा जात. रिटायर झाल्यावर मुलीने मोबाइल हातात दिला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आता सारं जगच कुलूप पाहून आकडा टाकतं.

कोणी काही पाठवलं की ते त्याला लगेच फोन लावून विचारतात, तुम्ही सोता पाह्यलं का? नाही म्हटलं, की ज्याने त्याला पाठवलं त्याचा नंबर मागतात. असं मागे मागे जाता एकदा ते कुठल्याशा अनोळखी लग्नघरी पोचले. खबरीचं मूळ सापडलं नाही, जेवणाचं आमंत्रण मात्र मिळालं. स्वतःच्या तोंडाऐवजी गुलाबाच्या फुलाचा फोटो लावणाऱ्याचं तर ते वाचतच नाहीत. पारशिवनीच्या बाजारात वाघ शिरला अशी खबर फोटोसकट आली, तेव्हा डबा बांधून बसने गेले आणि थैलीभर वांगी घेऊन परतले. "वाघ नाही. वांगे सस्ते आहेत," एवढंच बोलले.

आमच्याकडे भासरे लहान भावाच्या बायकोशी सरळ बोलत नाहीत, आणि तीही त्यांच्यापुढे मान वर करत नाही. प्रताप नगरात कडुलिंबाखाली माझी तर्री पोह्याची, म्हणजे तिखट रस्सा घातलेल्या पोह्यांची, गाडी आहे. त्यांना काही विचारायचं असलं की ते कडुलिंबाला विचारतात आणि मी कढईला उत्तर देते. गिऱ्हाइकं हसतात. मी तशीही माणसांशी बोलायला भिते, त्यामुळे मला हे सोयीचंच वाटायचं.

मागच्या हिवाळ्यात माझ्याच गाडीचा फोटो मोबाइलवर फिरला. इथले पोहे खाऊन माणसं आजारी पडली, असं खाली लिहिलं होतं. गाडीपुढे कोणी थांबेना. आमचं घर त्या गाडीवरच चालतं. नवरा म्हणाला, भाऊ, खोटं आहे असं तुम्ही लिहून टाका, तुमचं लोक ऐकतात. भासरे म्हणाले, "घरचा मीटर आहे म्हणून न पाहता रीडिंग लिहू का गा?" मला ते फार लागलं.

मग ते गल्लोगल्ली फिरले. आजारी पडलेला एकही माणूस मिळाला नाही, ज्याने त्याने दुसऱ्याकडूनच ऐकलेलं. शेवटी सकाळी गाडीशी आले. समोरच्या चहावाल्याकडे माझीच जुनी गिऱ्हाइकं उभी होती. त्यातला एक म्हणाला, "काका, घरची गाडी आहे, तुम्ही तं खबर खोटीच म्हणान."

भासरे सवयीने कडुलिंबाकडे वळले आणि थांबले. मग फिरून माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"बाई, खबर तुमच्यावर आहे अन् तुमालेच कोणी विचारलं नाही. मी विचारून राहिलो. खराब माल कधी वापरला का?"

मी मान वर केली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांचे डोळे घारे आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

"नाही," मी म्हटलं. "उरलेली तर्री मी रोज ओतून देते. तुम्ही पातेलं पाहा."

त्यांनी खिशातून बॅटरी काढली. मीटर वाचावा तसं वाकून पातेलं पाहिलं, तेलाचा डबा पाहिला, पाण्याच्या ड्रमचं झाकण उघडून आत उजेड टाकला. मग सरळ झाले आणि समोरच्यांना म्हणाले, "पाह्यलं. खबर खोटी आहे." आणि माझ्याकडे प्लेट मागितली, तर्री जास्त घालून. ती त्यांनी सगळ्यांदेखत उभ्या उभ्या संपवली. ज्याने टोमणा मारला होता तोच पहिला रस्ता ओलांडून आला.

गाडी पुन्हा नीट चालते आहे. भासरे दुसऱ्याच दिवसापासून परत कडुलिंबाशी बोलू लागले, कारण रीत ती रीत. मीही कढईलाच उत्तर देते. पण कोणाचा मोबाइल वाजला की कधीकधी मनात येतं, माझ्यावर आणखी एखादी खोटी खबर यावी. लहानशीच.