गुहागरचा बेत

बुद्धभूषण नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात तंत्रज्ञ होता. मुलं परगावी नोकरीला लागल्यावर त्याने आपल्या जुन्या व्हॅनच्या मागच्या भागात फळ्यांचा पलंग आणि छोटी शेगडी बसवली. दिवाळीनंतर बायकोला, ज्योत्स्नाला, घेऊन चार दिवस कोकणात गुहागरला जायचं, किनाऱ्यावर व्हॅनमध्येच मुक्काम करायचा आणि आसपासच्या डोंगरवाटांवर सायकल चालवायची, असा त्याचा बेत होता.

सरावासाठी तो अंजनेरीच्या डोंगरातल्या पायवाटेवर सायकल घेऊन गेला आणि उजवीकडच्या दगडी बांधावर आदळला. फक्त खरचटलं. पण "बांध मला दिसलाच नाही," असं तो म्हणाला, तेव्हा ज्योत्स्ना त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. काचबिंदू निघाला. समोरचं दिसत होतं, पण दोन्ही बाजूंची नजर गेली होती आणि ती परत येणार नव्हती. यापुढे गाडी चालवायची नाही, सायकलही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आपण बसने जाऊ. समुद्र तर समोरच असतो ना."

"तिथे जाऊन मी काय करू? तू हात धरून फिरवशील?"

"फिरवीन की."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने व्हॅनचं मागचं दार उघडलं आणि पलंगाचे नटबोल्ट काढायला घेतले. शेजारीच ठेवलेला पाना त्याला चाचपडून शोधावा लागत होता. ज्योत्स्ना घराच्या दारात उभी होती. त्याला थांबवावं असं तिला वाटलं, पण तिने पुढे होऊन पाना उचलला आणि त्याच्या हातात दिला.