लघवीची गोळी

सकाळच्या मीटिंगमध्ये सुपरवायझरनं माझ्या गोळ्यांचं पाकीट सगळ्यांसमोर वर धरलं. पुढं चाळीस बाया, बाजूला मेंटेनन्सची माणसं.

"ही बघा लघवीची गोळी. ह्या मॅडम घेतात. आता शिफ्टला दोनदाच जातात. बाकीच्यांनी शिकावं."

माणसं हसली. मी माझ्या बुटांकडं बघत राहिले. मग त्यानं पाकीट माझ्यासमोर टेबलावर टाकलं.

चाकणच्या कंपनीत मी गाड्यांच्या वायरी बांधते. चिखलीहून कंपनीच्या बसनं जाते. दुसऱ्या बाळंतपणानंतर लघवी मला दमच धरू देईना. आली की आली. लाइन सोडायची तर सुपरवायझरकडून लाल कार्ड मागून गळ्यात घालायचं. अख्ख्या लाइनला कार्ड एकच. ते परत येईपर्यंत मांड्या आवळून उभं राहायचं. एकदा नाही जमलं. सलवार ओली झाली. शिफ्ट सुटायला तीन तास होते. तशीच उभी राहून वायरी बांधल्या. शेजारची बाई हळूच लांब सरकली. तिचं काय चुकलं? वास माझा मलाच येत होता.

चिखलीतल्या डॉक्टरबाईंनी लघवी तपासली. जंतू नव्हते. लघवीची पिशवी भरायच्या आधीच तिचा स्नायू आवळतो, गोळीनं तो सैल पडेल, असं त्यांनी समजावलं. तोंड कोरडं पडेल, पोट साफ होणार नाही, पाणी थोडं थोडं पीत राहा, म्हणाल्या. आणि ही गोळी दुसऱ्या कुणाला देऊ नका.

गोळी लागू पडली. पण जीभ टाळूला चिकटायची. लाइनवर पाण्याची बाटली चालत नाही. म्हणून पाकीट घेऊन मी सुपरवायझरकडं गेले, बाटलीची परवानगी मागायला. त्यानं पाकीट ठेवून घेतलं. पाण्याचं काही बोललाच नाही. दुसऱ्या दिवशी ती मीटिंग.

त्यानंतर कुणीही कार्ड मागितलं की तो विचारायचा, "गोळी नाही घेतली?"

सुनीता लातूरकडची. कंत्राटावर. तिला कसलाच आजार नव्हता. पाळीच्या दिवसांत जरा जास्त जावं लागायचं, एवढंच. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याजवळ येऊन बसली.

"अक्का, दोन तरी दे. काढून टाकील तो मला."

मी दिल्या. डॉक्टरबाईंचं बोलणं आठवत होतं, तरी दिल्या. तिच्या सर्दीच्या गोळ्या चालू होत्या, तेही मी विचारलं नाही. त्यांनीही लघवी अडते, हे नंतर कळलं. तिनं माझ्या दोन्ही गोळ्या एकदम घेतल्या. संध्याकाळी पोट फुगलं, कळा आल्या, लघवीचा थेंब होईना. दवाखान्यात नळी घालून काढली. ती माझा हात धरून कण्हत होती. डॉक्टरांनी विचारलं, काय घेतलं होतं? तिनं माझं नाव घेतलं नाही. मीच पाकीट काढून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सुपरवायझर म्हणाला, बायकांची नाटकं असतात. त्याच्या केबिनला लागूनच साहेबलोकांचं बाथरूम आहे. तिथं कार्ड लागत नाही. हे मी रोज बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात गेलं.

मी म्हणाले, "गोळी माझ्या आजाराची आहे सर. तुमच्या लाइनची नाही. सुनीताला मी दिली. तुमच्या भीतीनं दिली."

आणि कार्ड न घेता बाथरूमला गेले. परत आले तर माझ्या जागेवर दुसरी बाई उभी होती. मला पॅकिंगला टाकलं होतं.

ऑफिसात कागद तयार होता. मी मनानं औषध वाटलं, कंपनीचा संबंध नाही, असं लिहिलेलं. मी सही केली नाही. घरी येऊन माझ्या हातानं दुसरा लिहिला. कुणाला गोळ्या दिल्या. का दिल्या. कार्ड किती, बाया किती. पाणी का मिळत नाही. बायांकडं सह्या मागितल्या आणि कारखाने तपासणाऱ्या सरकारी ऑफिसात तो देऊन आले. खाली सह्या फक्त नऊ. सुनीताची नाही. तिचं कंत्राट संपवलं, ती गावी गेली. माझा फोन उचलत नाही.

चौकशी लागेल तेव्हा मी उभी राहीन. आधी माझा गुन्हा सांगेन, मग त्यांचा. एक शब्दही गाळणार नाही.