ओट्यावरची कादंबरी

शेवगावात आमच्या शेजारी एक बाई राहायच्या. मी हायस्कुलात मराठी शिकवायचो. वाचनालयातून नव्या कादंबऱ्या आणायचो आणि माझं वाचून झालं की त्या मागून न्यायच्या. रेशनची मिलो ज्वारी निवडताना सुपाशेजारी पुस्तक उघडं ठेवायच्या, पान उडू नये म्हणून वर अडकित्ता. पात्रांशी मोठ्यानं भांडायच्या, "आरं, गप की आता!"

एकदा कादंबरी त्यांच्या ओट्यावर, चपलांशेजारी पडलेली दिसली. मी उचलायला गेलो तर आतून आवाज आला, "ऱ्हाऊ द्या भाऊजी. मुडद्यानं बायकू टाकली. माज्या घरात न्हाई घ्यायची त्याला."

तीच कादंबरी मी पेन्सिलीनं खुणा करत वाचली होती. मला त्या नायकाचा एकदाही राग आला नव्हता. त्या दिवशी बाईंचा हेवा वाटला आणि त्या लेखकाचा इतका, की जेवण गेलं नाही.

पुढं माझी स्वतःची कादंबरी छापून आली. माझाही नायक बायको टाकतो. पहिली प्रत बाईंना वाचायला दिली आणि रोज सकाळी त्यांच्या ओट्याकडे बघू लागलो. तिथं नुसत्या चपला असायच्या.

शेवटी बाईच पुस्तक परत घेऊन आल्या. वर खाकी कव्हर घातलेलं.

"लई छान हाय, भाऊजी. देवाच्या फळीवर जपून ठिवली हुती."