म्हशीसाठी फुटबॉल

गेम खेळणारी माणसं रिकामटेकडी असतात, हे आमच्या घरातलं पक्कं मत होतं आणि ते सगळ्यात मोठ्यानं मीच मांडायची. कसबा बावड्यात आमच्या मागच्या दारी एक म्हैस आहे आणि पुढच्या खोलीत लेकीचा कॉम्प्युटर. लेक कॉलेजातून आली की त्यावर फुटबॉल खेळायची. मी शेणाच्या हातानं दारात उभी राहून तोंडाचा पट्टा सोडायची.

श्रावणात गोठ्यात पाय घसरला आणि माझं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात माझाच होता, पण माझं ऐकत नव्हता. मूठ वळेना. अंगठा तर नुसता लाकूड.

म्हैस हात ओळखते. आमची तर जास्तच मानी. माझ्याशिवाय दुसरं कुणी धारेला बसलं की पान्हा चोरायची. शेजारीण रोज यायची, पेंड-भुशाचं आंबोण पुढं ठेवायची, कासेवर कोमट पाणी मारायची, आणि बादलीचा तळ जेमतेम झाकून घरी जायची. शेवटी नवऱ्यानं गुरांच्या व्यापाऱ्याशी बोलणी केली.

"तुझा हात काय आता धारंचा ऱ्हायला न्हाय. दिवाळी झाली की देऊन टाकू."

पारडी असल्यापासून मी वाढवलेली म्हैस, आणि हा परस्पर ठरवून मोकळा! मला भलताच राग आला. म्हैस जाऊ द्यायची नाही, एवढं मात्र मनाशी ठरवलं.

डॉक्टरांनी स्पंजचा चेंडू दाबायला दिला होता. त्या चेंडूइतकी कंटाळवाणी वस्तू मी आयुष्यात पाहिली नाही. मी वैतागलेली बघून एक दिवस लेकीनं गेमचा रिमोट माझ्या हातात कोंबला. "त्यो चेंडू ठेव बाजूला. अंगठ्यानं गोल मारायचा आणि मागचं बटण बोटानं दाबून पळवायचं. मी शिकवतो की तुला." डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. खेळा म्हणाले, फक्त अंगात येऊ देऊ नका.

पहिले काही दिवस माझे खेळाडू मैदानाच्या कडेला जाऊन नुसते उभे राहायचे. पण मला ते यंत्र आवडायला लागलं. मोबाइलवरचे गेम मला आजही पटत नाहीत. जरा रंगात यावं तर मध्येच जाहिरात. कॉम्प्युटर तुमची चूक तुमच्या तोंडावर दाखवतो आणि चार घरी सांगत सुटत नाही. आमच्या नात्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा मला तो सोयीचा वाटला.

नवऱ्याला हे खूळ वाटायचं. हा माणूस शहरातल्या पेठांच्या संघांच्या फुटबॉल मॅचला स्टेडियमवर जाऊन घसा बसेपर्यंत ओरडतो. ते त्याचं फुटबॉलप्रेम आणि मी बोटं हलवली की वेळेची नासाडी! मी त्याला तसं सुनावलं. तो फणकाऱ्यानं बाहेर गेला, पण थोड्याच वेळात खुर्चीमागून आवाज आला, "अगं पास दे की! एकटीच काय पळतीयास!"

हळूहळू अंगठा वळायला लागला. दिवाळीत चकलीचा सोऱ्या माझा मीच फिरवला. भाऊबीज झाली आणि व्यापारी दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणून निरोप आला. त्याच संध्याकाळी मी बादली घेऊन गोठ्यात शिरले. मनगट कुरकुर करू नये म्हणून दुखण्याचा मलम चांगला चोळून घेतला होता. म्हशीनं मान वळवली, हात हुंगला, फुरफुरली आणि लाथेसरशी बादली उडवली. दाव्याला हिसके द्यायला लागली. माझीच म्हैस मला ओळखेना. मी तिथंच बसून रडले.

"बघितलंस न्हवं?" नवरा हळूच म्हणाला. त्याच्याही आवाजात जोर नव्हता.

तिला चुचकारायला मी त्याच हातावर पेंड धरली. तिनं नाक फिरवलं. डाव्या हातावर धरली तर चाटूनपुसून खाल्ली. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. मनगटाचे लाड करताना मी हाताला दवाखान्याचा वास लावून आले होते.

सकाळी हात राखेनं घासला, तिच्या आंबोणातल्या सरकीच्या पाण्यात बुडवला आणि मलमाशिवाय धारेला बसले. दर मुठीला कळ कोपरापर्यंत जात होती. म्हशीनं हुंगलं, पाय हलवला, आणि मग मान खाली घालून आंबोणात तोंड घातलं. सडात दूध उतरलेलं बोटांना कळलं. बादलीत फेस चढायला लागला तेव्हा दात-ओठ खाऊन मी दाबत राहिले. थांबले असते तर तिनं परत पान्हा चोरला असता.

व्यापारी दावं घेऊन आला तो थेट गोठ्याच्या दारात. नवरा भरत आलेल्या बादलीकडं बघत होता. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "पावणं, च्या घ्या. म्हस द्यायची न्हाय."

व्यापारी माझं वाकडं झालेलं तोंड बघून म्हणाला, "अवो, वैनींचा हात अजून दुखतोय की."

"दुखू द्या की," मी म्हटलं. "दुखतोय म्हंजे हाय की त्यो जाग्यावर."

त्यानं दावं खांद्यावर टाकलं आणि चहाला ओसरीवर गेला. मी दुसऱ्या सडाला हात घातला.