कॅनडाला जाण्याआधी मनालीचा बर्फ

"कॅनडाचा अर्ज भरण्याआधी एकदा बर्फ बघून येऊ, मग कुरकुर नको," फ्रान्सिस म्हणाला. नवराच तो, ऐकावं लागलं. २००६ च्या जानेवारीत आमच्या गिरीज गावाहून मनालीला निघालो. तेव्हा मी तुळिंजला इंग्रजी बोलण्याच्या क्लासला जात होते. कॅनडासाठी सरांनी हिवाळ्याचे शब्द पाठ करायला दिले होते: ब्लिझार्ड, स्ट्रँडेड, स्नोड इन. मला एकाचाही अर्थ धड समजत नव्हता.

दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढे पंधरा तास बस. कंबर मोडली. जाणाऱ्यांनी दिल्लीत एक दिवस थांबावं. आणि वाडीत पाणी लावताना घालतो ते गमबूट मुळीच नेऊ नयेत. आम्ही शहाणपणा करून नेले. पायांची बोटं आहेत की गेली, कळेना.

दुसऱ्या दिवशी बर्फ सुरू झाला तो थांबेचना. रस्ता बंद, फोन बंद, वीज बंद. लॉज ऑफ-सीझनमुळे तीनशे रुपयांत मिळालं होतं, पण आता जेवण म्हणजे दोन्ही वेळा राजमा. सोबतचे सुके बोंबील मालकिणीच्या चुलीवर भाजले, तर तिने नाकाला पदर लावला.

"कधी थांबणार?" मी मोडक्या हिंदीत विचारलं.

"अभी तो शुरू हुआ है, बहनजी. मार्च तक ऐसा ही," ती म्हणाली.

फ्रान्सिस रजईतून खूश होऊन म्हणाला, "बघ, आपण स्नोड इन झालो! चांगली प्रॅक्टिस होते."

चार दिवस खिडकीबाहेर एक हिरवं पान दिसलं नाही. मी केळीच्या वाडीत वाढलेली. मला रडू आलं, आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी तोंड धुवायला गेले. नळही गोठला होता.

रस्ता खुला झाला, कसेबसे घरी आलो. अंग आठवडाभर दुखत होतं. क्लासमध्ये सरांनी त्या शब्दांबद्दल विचारलं आणि मी दहा मिनिटं न अडखळता इंग्रजीत बोलले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आता तुम्ही कॅनडाला जायला तयार," सर म्हणाले.

घरी आले तर फ्रान्सिस अर्ज भरत बसला होता. म्हणाला, "तुझी सही राहिली बघ."

मी पेन घेतलं, टोपण लावलं आणि त्याच्या खिशाला अडकवलं. "मला जायचं नाही रे," लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्याला नाही म्हटलं.