फलाटकाकूंचा मुका कॉम्प्युटर

सगळी नोकरी बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात गेली, म्हणून गल्लीतले लहानथोर त्यांना फलाटकाकू म्हणत. आवाज असा, की गाडी उशिरा येणार हे त्यांच्या तोंडून ऐकलं तरी माणसाला वाटावं, येईल हो, बसा जरा टेकून. निवृत्त झाल्यावर तो आवाज घरात गंजू देणं काकूंच्या जिवावर आलं. दृष्टी नसलेल्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्या एका संस्थेत त्यांनी नाव दिलं, मागच्या खोलीच्या खिडकीला जाड रजई टांगली आणि लेकीने टाकून दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर वाचायला बसल्या.

पुस्तकं कसलीही यायची. कायदा, प्रवास, मधमाश्यांचं संगोपन. काकू सगळी सारख्याच मायेने वाचत. करार मोडल्याचं कलमसुद्धा त्यांच्या तोंडून असं यायचं, की दोन्ही पक्षांना जेवायला बोलावून मिटवून टाकावंसं वाटे.

एके सकाळी कायदा शिकणाऱ्या एका मुलीचा फोन आला. तिला दिसत नव्हतं. परीक्षेची पुस्तकं ती काकूंच्या आवाजातच ऐकायची.

"काकू, राग मानू नका हं. पण तुम्ही वाचता तेव्हा मागे नळ चालू असतो का?"

"नळ? छे गं!"

"मग ते सतत सूं सूं काय येतं? तुमचा आवाज इतका छान, पण तासभर हेडफोन लावला की त्या सूं सूंनं डोकं उठतं."

काकूंनी फोन ठेवला, पदर खोचला आणि टेबलाखाली शिरून कॉम्प्युटरला कान लावला. उभा जन्म इंजिनांच्या घरघरीत गेलेला. घरातलं एवढंसं सूं सूं त्यांच्या खिजगणतीतही नव्हतं. पण एकदा ऐकलं ते ऐकलं. मग ते कानातून निघेना. त्यांना फार ओशाळल्यासारखं झालं. इतके दिवस आपण लोकांना पुस्तकाबरोबर नळही ऐकवला!

जावई कॉम्प्युटरमधले दर्दी. त्यांनी आतल्या पंख्यावरची धूळ झटकून पाहिली आणि मान हलवली. "आई, याच्यात आता राम नाही. सुटे भाग निवडू आणि घरीच नवा जोडू. माझ्यावर सोडा."

पुढच्या रविवारी ते असे आले, जणू स्वतःचंच घर बांधायला काढलंय. फोनवर एकामागून एक चित्रं दाखवत सुटले. गेम खेळणाऱ्यांचा तगडा प्रोसेसर, काचेचं कॅबिनेट, रंग बदलणारे पंखे आणि विटेएवढं ग्राफिक्स कार्ड. जावयाला मध्येच कसं तोडायचं, म्हणून काकूंनी दम धरला. शेवटी त्या विटेवर बोट ठेवलं.

"हे काय करतं?"

"चित्रं, आई! झाडाचं पान न् पान हलताना दिसतं."

"माझी माणसं कानांनी वाचतात हो. आणि याला पंखे किती?"

"तीन."

"म्हणजे तीन नळ."

जावई हसले खरे, पण चेहरा उतरला. काकूंच्या ते लक्षात आलं. त्यांनी चहाचा कप पुढे सरकवला. "तुमची हौस कळते मला. पण मला मुका कॉम्प्युटर हवा. कामाला वाघ नको, वावरायला मांजर हवी. असं जमेल का?"

दर्दी माणसाला कोडं घातलं की तो रुसवा विसरतो. जावयांनी खुर्ची पुढे ओढली. चित्रं स्वतःच दाखवणारा, फारसा न तापणारा प्रोसेसर घ्यायचा. मग वेगळं ग्राफिक्स कार्डच नको. त्याला चालणारा साधा मदरबोर्ड. फिरत्या चकतीची हार्ड डिस्क टकटक करते, तिच्याऐवजी काहीच न फिरणारी एसएसडी. हलक्या कामात पंखा थांबवून ठेवणारा पॉवर सप्लाय. आणि प्रोसेसर थंड ठेवायला मोठ्या पंख्याचा कूलर.

"मोठा कशाला?" काकूंनी विचारलं.

"मोठा सावकाश फिरला तरी भरपूर हवा लोटतो. छोट्याला जीव तोडून भिरभिरावं लागतं."

"आमच्या ऑफिसात तसंच होतं. साहेब सावकाश, शिपाई भिरभिर."

दुकानात मात्र काकूंनी कहर केला. बाकी सामान जावयांनी काढून घेतलं. पंखे आपण ऐकून घेणार, म्हणाल्या.

"बाई, पंखा काय ऐकून घ्यायचा असतो?" दुकानदार म्हणाला.

"कलिंगड वाजवून घेता ना? मग झालं तर."

दुकानदाराने मुकाट्याने रेडिओ बंद केला, रस्त्याकडचं दार लोटलं आणि एकेक पंखा चालू करून दिला. काकू डोळे मिटून ऐकायच्या. एक किणकिणत होता. दुसऱ्याला, त्यांच्या मते, दमा होता. तिसऱ्याशी त्या बराच वेळ थांबल्या. "हा. हा नुसता श्वास घेतोय." तोवर दुकानदारही एक पंखा स्वतःच्या कानाशी धरून उभा होता.

जेवणाच्या टेबलावर जोडणी झाली. सगळं जागच्या जागी बसलं आणि शेवटी कॅबिनेटचं दार लागेना. कूलर बोटभर उंच निघाला. उंची मोजायचीच राहून गेली होती. जावई कानशिलापर्यंत लाल झाले.

"चूक माझीच, आई. कूलर छोटा आणतो."

"मुळीच नको. टोपी होत नाही म्हणून कुणी डोकं तासत नाही. कॅबिनेट बदलून आणा. आणि आधी खाऊन घ्या."

बदललेलं कॅबिनेट रुंद होतं, आतून मऊ अस्तर लावलेलं. कॉम्प्युटर चालू केला तर काहीच ऐकू येईना. काकूंचे यजमान, काका, कौतुकाने येऊन बघून गेले. त्यांना ऐकू येणं बऱ्याच वर्षांपूर्वी कमी कमी होत गेलेलं. थरथर लागते का पाहायला त्यांनी वर तळहात ठेवला आणि विचारलं, "अजून लावला नाही?" जावयांना याहून मोठी शाबासकी कुठली!

दुसऱ्या दिवशी काकूंनी मधमाश्यांचा एक धडा रेकॉर्ड केला आणि हेडफोन लावून ऐकला. नळ गेला होता. पान उलटल्याचा आवाज, स्वतःचा श्वास, सगळं निवळशंख. पण दोन परिच्छेदांच्या मध्ये काहीतरी बारीक येत होतं. त्यांनी कॉम्प्युटरला कान लावला. गप्प. आवाज वाढवून ऐकलं. कुणीतरी गुणगुणत होतं.

काकूंनी दार हळूच उघडलं. बाहेरच्या खोलीत काका वर्तमानपत्र धरून बसले होते आणि गुणगुणत होते. त्यांना पत्ताच नव्हता.

तरुणपणी काका दाढी करतानासुद्धा गायचे. कान गेले तसं एक दिवस म्हणाले, "सूर लागला की नाही, मलाच कळत नाही. लोकांना कशाला ताप?" त्यानंतर घरात गाणं नव्हतं. निदान काकूंना तसं वाटत होतं. आता सूर थोडा घसरत होता, पण गाणं तेच होतं. काकू दाराला धरून उभ्या राहिल्या. डोळे कधी भरले, त्यांना कळलं नाही.

जावयांचा फोन आला. "आई, आवाज येतोय का काही?"

"मशीनचा नाही. यांचा."

"बाबांचा? मग दाराला फोम लावू या? की तुम्हीच सांगता त्यांना?"

"खबरदार कुणी त्यांना सांगाल तर! सांगितलं की थांबतील." काकूंचा आवाज एकदम फलाटावरचा झाला. "हे सकाळी फिरायला जातात ना, तेव्हा वाचीन मी."

तो धडा त्यांनी पुन्हा वाचला. ऐकणाऱ्यांना मधमाश्यांशिवाय दुसरी गुणगुण नको. आधीची फाइल पुसली मात्र नाही. कायद्याच्या मुलीने आवर्जून कळवलं, की आता काकू शेजारी बसून वाचल्यासारख्या वाटतात.

दुपारी काकू मटारच्या शेंगा घेऊन काकांजवळ येऊन बसू लागल्या. पहिल्या दिवशी काकांना नवल वाटलं.

"आज वाचायचं नाही वाटतं?"

काकूंनी मान हलवली आणि परात त्यांच्यापुढे सरकवली. काका शेंगा सोलू लागले. काकूंनी डोक्यावरचा घरघरणारा पंखा बंद केला.

"उकडतंय गं," काका म्हणाले.

"असू दे."