खातरजमाकाकांचं एक उणं

ऑफिसात त्यांना सगळे खातरजमाकाका म्हणत. कुणी कसलाही आकडा पुढे केला, की काकांचा एकच प्रश्न, "खातरजमा केली का?" घरी बायकोनं गॅस बंद केला म्हटलं, तरी हे उठून बघून येत. पंचवीस वर्षं ते एकच तक्ता सांभाळत होते: कुठलं खनिज किती तापमानाला पाण्यात किती विरघळतं, त्याचा. जमिनीखाली सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा दगड होईल की नाही, हे कॉम्प्युटर त्या तक्त्यावरूनच सांगे.

यंदा कॉम्प्युटरनं नन्नाचा पाढा लावला होता. खालच्या गरम खडकात दगड बनणारच नाही, म्हणे. शुक्रवारच्या बैठकीत वायू सोडायची नवी विहीर रद्द होणार होती. गुरुवारी सकाळी प्रयोगशाळेतल्या बाईंनी तोच वायू मिसळलेल्या गरम पाण्यात ठेवलेला खडकाचा तुकडा काकांच्या टेबलावर आणून आदळला. त्यावर नव्या दगडाचं पांढरं पुट चढलं होतं.

"दगड खोटं बोलत नाही, काका. तक्ता तपासा तुमचा."

काकांचं पित्त खवळलं. कुठल्या गाढवानं घोळ घातलाय ते शोधून त्याची हजेरीच घ्यायची, असं ठरवून त्यांनी मूळ पुस्तकाशी ओळ न् ओळ ताडून पाहिली. दुपारच्या चहापर्यंत गाढव सापडलं. पांढरं पुट ज्याचं होतं, त्या मॅग्नेसाइट नावाच्या खनिजाच्या ओळीत एका आकड्यापुढचं उणे चिन्ह गळलं होतं. त्यामुळे तापवल्यावर जे कमी विरघळायचं, ते तक्त्यात जास्त विरघळत होतं, आणि कॉम्प्युटरच्या हिशेबात दगड बनतच नव्हता. शेजारी आकडा भरणाऱ्याची आद्याक्षरं होती. काकांचीच. 'तपासणारा' या रकान्यातही तीच.

जन्मभर लोकांची उणीदुणी काढली, आणि स्वतःचं एक उणं गिळून बसले होते! काकांना आधी हसू आलं, मग घाम फुटला. पुढच्या महिन्यात निवृत्ती. चिन्ह गुपचूप टाकलं असतं, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. हात कीबोर्डवर गेलाही. पण याच आकड्यानं आधी दोन चांगल्या विहिरी बुजवायला लावल्या होत्या, ते आठवलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

शुक्रवारी ते उभे राहिले. "गाढव मीच," ते म्हणाले. "मागच्या दोन विहिरीही माझ्यामुळेच गेल्या."

बाईंनी दुरुस्त तक्ता हातात घेतला आणि हळूच विचारलं, "काका, खातरजमा केली का?"

"तेव्हा मीच केली होती," काका म्हणाले, आणि तपासणाऱ्याचा रिकामा रकाना दाखवत त्यांनी पेन बाईंपुढे सरकवलं.